एकच खुडूक, पिल्लं मात्र मागेपुढे

परसातल्या कोंबड्यांविषयी नाशिक जिल्ह्यातून आलेल्या प्रश्नांत या वेळी एकच अडचण वेगवेगळ्या रूपांत आली आहे: एका कोंबडीखाली वेगवेगळ्या वयाची पिल्लं. म्हणून सगळी उत्तरं एकत्र देत आहोत. पहिला प्रश्न नीट वाचला तर पुढच्या बऱ्याच गोष्टी आपोआप उलगडतील.

प्रश्न (त्र्यंबकेश्वर तालुका): गावरान खुडूक (अंडी उबवायला बसू लागलेली) कोंबडी ११ अंड्यांवर बसवली होती. मधल्या काळात बाकीच्या कोंबड्याही त्याच टोपलीत अंडी घालून गेल्या. आता खाली १७ अंडी आहेत. काल आणि आज मिळून पाच पिल्लं निघाली. कोंबडी अस्वस्थ झाली आहे, उठू पाहते. उरलेल्या अंड्यांचं काय करावं?

आधी तातडीचं सांगतो. निघालेल्या पिल्लांना दाणा-पाणी लवकर मिळालं तर बरंच, पण आजच्या आज मिळालं नाही म्हणून ती मरणार नाहीत. अंड्यातला उरलेला बलक पिल्लू बाहेर येण्याच्या आधी पोटात ओढून घेतं आणि त्यावर ते साधारण ४८ तास काढू शकतं. म्हणूनच कोंबडीही पहिलं पिल्लू निघाल्यावर दिवस-दीड दिवस, फार तर दोन दिवस घरट्यात थांबते. त्यानंतर चालती पिल्लं घेऊन ती उठते आणि मागे राहिलेली अंडी थंड पडतात. यात तिची चूक नाही. अंड्यावर बसायचं की पिल्लांमागे चालायचं, यातलं एकच तिला करता येतं.

आज रात्री अंधारात उरलेली १२ अंडी एकेक करून बॅटरीच्या उजेडात बघा. मुठीत बॅटरी धरून तिच्या तोंडावर अंड्याचा जाड भाग टेकवायचा. अंडं आरपार उजळ आणि मोकळं दिसलं तर ते कोरं आहे. कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा आणि मध्ये ठिपका दिसला तर सहा-आठ दिवसांचं. अर्ध्याहून जास्त काळं झालं असेल तर दोन आठवड्यांच्या आसपास. जाड टोकाकडची हवेची पोकळी सोडून सगळं काळं दिसत असेल तर १८ दिवसांच्या पुढचं. असं अंडं कानाला लावलं तर आत टकटक किंवा बारीक चिवचिव ऐकू येऊ शकते. शिरा नाहीत, आत सगळं डुचमळतंय किंवा वास येतोय, असं अंडं त्याच रात्री बाहेर काढा. कुजलेलं अंडं घरट्यात फुटलं की चांगल्या अंड्यांवरही घाण बसते.

पूर्ण काळ्या अंड्यांसाठी धडपड करावी. त्यांच्याहून कोवळ्या अंड्यांसाठी मात्र दुसरी खुडूक किंवा कोणाकडे उबवणी यंत्र असेल तरच प्रयत्न करा. दहा-बारा दिवस बाकी असलेल्या अंड्यांसाठी या कोंबडीला बसवून ठेवायचं म्हणजे निघालेल्या पाच पिल्लांची आई हिरावून घ्यायची.

पूर्ण काळ्या अंड्यांना दोन वाटा आहेत. पहिली वाट अशी: कोंबडी अजून बसते आहे तोवर वाळलेली पिल्लं काढून ऊबदार खोक्यात ठेवा, कोंबडीला आणखी एक दिवस अंड्यांवर राहू द्या आणि रात्री पिल्लं परत तिच्या पंखांखाली सरकवा. हे एक दिवस चालतं, ओढूनताणून दोन. त्यापुढे पिल्लं तिच्या हाकेला ओळखेनाशी होतात आणि तीही त्यांना परकं समजू लागते. दुसरी वाट म्हणजे कोंबडीला पिल्लं घेऊन जाऊ द्यायचं आणि अंडी खोक्यात घ्यायची. थर्माकोलचं खोकं, वरून ४० किंवा ६० वॅटचा साधा पिवळा बल्ब, पाण्याची पसरट वाटी, झाकणाला दोन-चार भोकं आणि अंड्यांच्या वरच्या पातळीवर ठेवलेला तापमापक एवढं पुरतं. एलईडी बल्ब चालत नाही, त्याला ऊब नसते. पंखा नसलेल्या खोक्यात अंड्याच्या वरच्या बाजूला साधारण ३८.५ अंश सेल्सिअस राहील असा बल्ब वर-खाली करा. शेवटच्या तीन दिवसांत अंडी फिरवायची नाहीत, फक्त ओलावा सांभाळायचा.

अंड्याला पहिली चीर पडल्यापासून पिल्लू बाहेर यायला १२ ते २४ तास लागतात. घाई करून कवच सोलू नका. त्या वेळात कवचाच्या आतल्या पडद्यातल्या शिरांमधलं रक्त पिल्लाच्या अंगात उतरत असतं. नख लागलं की ते बाहेर सांडतं आणि पिल्लू दगावतं. निघालेलं पिल्लू पूर्ण वाळून फुललं की त्याच रात्री आईखाली. मोठ्या पिल्लांशी त्याचं अंतर दोन-तीन दिवसांचं असेल तर सहसा निभतं.

आता मूळ दुखण्याकडे येऊ. घातलेल्या अंड्यातली वाढ ऊब लागेपर्यंत थांबलेली असते. म्हणून सहा-सात दिवस जमवलेली अंडी एकाच रात्री कोंबडीखाली ठेवली तर सगळी २१व्या दिवसाच्या आसपास फुटतात. रोज एक अंडं खाली सरकवलं तर पिल्लंही रोज एक निघेल. त्यामुळे बसवताना प्रत्येक अंड्याभोवती पेन्सिलीने गोल रेघ मारा, म्हणजे अंडं कसंही फिरलं तरी खूण दिसते. कोंबडी रोज दाणा-पाण्याला पंधरा-वीस मिनिटं उठते, तेव्हा बिनरेघेचं अंडं काढून घ्या. त्याच दिवशी काढलं तर ते खायला उत्तम. त्याहून चांगलं म्हणजे खुडूक कोंबडी बाकीच्यांपासून वेगळी, आडबाजूच्या अंधाऱ्या जागी डालग्याखाली (बांबूच्या मोठ्या टोपलीखाली) बसवायची आणि दिवसातून एकदा हाताने उठवायची. तिला जागेवरून हलवायचं ते रात्रीच. आधी दोन दिवस खोटी अंडी देऊन नव्या जागी बसते का ते बघा, मग खरी ठेवा.

प्रश्न (दिंडोरी तालुका): मुंगसाने एक कोंबडी मारली. तिची १६ दिवसांची सात पिल्लं पोरकी झाली आहेत. दुसऱ्या कोंबडीची नऊ पिल्लं ४ दिवसांची आहेत. सगळी एकत्र करावीत का?

करू नयेत. या उत्तराने निराशा होईल हे कळतं, पण एकत्र केल्यावर सातही जाण्याची आणि नऊमधलीही काही जाण्याची भीती आहे.

कोंबडीचं मन परक्या पिल्लाला उघडं असतं ते तिची स्वतःची पिल्लं निघाल्यानंतरचे पहिले दोन-तीन दिवस. त्यानंतर ती आपली पिल्लं आवाजाने आणि दिसण्याने ओळखते. १६ दिवसांचं, पंख फुटलेलं पिल्लू तिला आपलं वाटत नाही. ती डोक्यावर टोचते. पिल्लालाही ती आई वाटत नाही, कारण आई ओळखण्याचं त्याचं वय पहिल्या दीड-दोन दिवसांतच सरलेलं असतं. ते तिच्या पंखाखाली शिरण्याऐवजी तिच्यापासून पळतं आणि रात्री थंडीत कोपऱ्यात बसतं.

पण टोचणं दिसतं तरी. जास्त नुकसान करणारी गोष्ट दिसत नाही. दोन आठवड्यांच्या पिल्लांच्या विष्ठेतून रक्ती हगवणीच्या जंतूंची अंडी बाहेर पडत असतात. त्यांचं स्वतःचं अंग हळूहळू त्याला सरावलेलं असतं. ओलसर, ऊबदार भुशात ती अंडी एक-दोन दिवसांत रोग देण्याजोगी होतात आणि त्याच भुशात चार दिवसांची पिल्लं चोची मारत फिरतात. त्यांना एकदम मोठा डोस मिळतो. मोठी पिल्लं ठणठणीत आणि लहान पटापट मरतात, तेव्हा त्यामागे बहुतेक वेळा हेच असतं.

सात पिल्लांसाठी साधारण तीन फूट बाय दोन फूट खोकं पुरे. तळाला दोन इंच कोरडा भुसा किंवा भाताचं तूस. एका टोकाला ६० वॅटचा बल्ब तळापासून फूट-दीड फुटावर टांगा, दुसरं टोक थंड राहू द्या, म्हणजे पिल्लू आपली जागा स्वतः निवडेल. पहिल्या आठवड्यात बल्बखाली ३५ अंश लागतात आणि पुढे दर आठवड्याला तीन-तीन अंश कमी. तुमची पिल्लं तिसऱ्या आठवड्यात आहेत, म्हणजे २९ अंशांच्या आसपास. तापमापकापेक्षा पिल्लंच खरं सांगतात: बल्बखाली गर्दी करून ओरडत असतील तर थंडी, भिंतीला चिकटून चोच उघडी टाकत असतील तर उकाडा, सगळीकडे पसरून शांत बसली असतील तर ठीक. रात्री वीज जात असेल तर गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून कडेला ठेवा आणि खोक्यावर पोतं पांघरा. पेटती शेगडी मात्र बंद जागेत ठेवू नका. कोळशाच्या धुराने पिल्लं गुदमरतात आणि भुसा पेटण्याचा धोका वेगळाच.

खोकं दुसऱ्या कोंबडीच्या शेजारीच ठेवता येईल, मध्ये अर्ध्या इंची जाळी हवी. एकमेकांना पाहत वाढलेली पिल्लं पुढे कमी भांडतात. लहान पिल्लं पाच-सहा आठवड्यांची झाली की एखाद्या संध्याकाळी, दाण्याची दोन भांडी लांब लांब ठेवून जाळी काढा.

आणि ते मुंगूस परत येईल. एकदा जागा कळली की ते सोडत नाही. खुराड्याला कोंबडीजाळी पुरत नाही, तिच्या भोकांतून मुंगसाचं तोंड आत येतं. खालचे दोन फूट अर्ध्या इंची वेल्डेड जाळी लावा आणि जमिनीवर बाहेरच्या बाजूला फूटभर जाळी आडवी पसरून वर दगड-माती टाका. मुंगूस भिंतीलगत उकरतं. उकरायला गेलं की पंज्याला जाळी लागते.

प्रश्न (सिन्नर तालुका): गिरिराज या सुधारित जातीची एक दिवसाची पिल्लं आणणार आहे. खुडूक कोंबडीखाली सोडली तर ती सांभाळेल का? कोणत्या दिवशी, कशी सोडावीत?

सांभाळेल, पण कोंबडी त्या वेळी मनाने तयार हवी. किमान दोन आठवडे सलग बसलेली कोंबडी बहुतेक वेळा पिल्लं घेते. आठवड्याभरापूर्वी बसलेली घेईलच असं नाही. पिल्लं कधी मिळणार ते आधी नक्की करा आणि त्याच्या १८ ते २१ दिवस आधी कोंबडीला खोट्या अंड्यांवर बसवा. पांढऱ्या दगडापेक्षा चुन्याने रंगवलेलं लाकडी अंडं बरं. त्याआधी तिच्या पिसांत, विशेषतः पंखांखाली आणि शेपटीजवळ, उवा आणि पिसवा आहेत का ते बघा. असतील तर पशुवैद्याने दिलेली पावडर पिल्लं यायच्या किमान आठवडाभर आधी लावून घ्या. नंतर ती पिल्लांच्या अंगाला लागते. राखेचं आणि बारीक मातीचं घमेलं तिच्या जवळ कायम असू द्या.

पिल्लं दुपारी आली तरी लगेच कोंबडीपुढे ठेवू नका. प्रवासाने ती दमलेली असतात. बल्बखाली ठेवून आधी पाणी द्या: एक लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात ५० ग्रॅम गूळ, फक्त पहिले काही तास, मग साधं पाणी. एकेकाची चोच पाण्याला लावून दाखवा. एकाने प्यायलं की बाकीची बघून पितात. दोनेक तासांनी कागदावर बारीक दाणा टाका.

रात्री नऊ-दहानंतर, कोंबडी शांत झाल्यावर, शक्यतो अंधारात काम करा. हाताच्या तळव्यात पिल्लू झाकून मागच्या बाजूने तिच्या पोटाखाली न्या, तिथलं एक खोटं अंडं काढा आणि पिल्लू सोडा. आधी दोनच. पंधरा-वीस मिनिटं बसून ऐका. ती घशातून हळू, सलग कुरकुरली आणि पिसं सैल करून बसली तर बाकीचीही एकेक करून द्या. ताडकन आवाज केला, चोच खाली घातली, तर पिल्लं काढून घ्या आणि उद्या रात्री पुन्हा एकदाच बघा. खरी कसोटी पहाटे असते. पहिल्यांदा पिल्लं दिसतात तेव्हा ती त्यांना दाणा दाखवते की टोचते, हे बघायला उजाडण्याआधी तिथे हजर राहा. हलकी चोच मारून सोडून देणं म्हणजे शिस्त. पकडून झटकणं, पाठलाग करणं, डोक्याला रक्त काढणं म्हणजे नकार. नाकारलेली पिल्लं लगेच बल्बखाली घ्या.

रंगाचाही प्रश्न येतो. कोंबडीची स्वतःची पिल्लं आधीच निघालेली असतील आणि सगळी तपकिरी असतील तर एखादं पिवळं किंवा काळंभोर पिल्लू ती निवडून टोचते. एकाच रात्री मिश्र रंगाची पिल्लं दिली तर हा त्रास कमी होतो. एका गावरान कोंबडीखाली दहा-बारा पिल्लं पुरे. गिरिराजची वाढ गावरानपेक्षा जलद असते, तिसऱ्या आठवड्यात ती तिच्या पंखांत मावत नाहीत. हॅचरीतून पिल्लं घेताना मरेक्स या विषाणूजन्य रोगाची लस दिली आहे का ते विचारा. ती पहिल्याच दिवशी द्यायची असते, घरी नंतर देऊन उपयोग नाही.

प्रश्न (निफाड): आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत कडाका असतो. एका कोंबडीखाली किती पिल्लं ठेवावीत?

आठ, फार तर नऊ. निफाडला त्या महिन्यांत पहाटेचं तापमान अनेकदा १० अंशांच्या खाली जातं. कोंबडीचं अंग ४१ अंशांचं असतं, पण तिच्या पंखांची जागा ठरलेली. पहिल्या आठवड्यात बारा पिल्लं सुखाने मावतात आणि तिसऱ्या आठवड्यात त्यातली चार बाहेर उरतात, तेव्हा त्यांची पिसंही पुरती आलेली नसतात. थंडीतली मरतूक म्हणूनच तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात जास्त दिसते. वयात अंतर असेल तर मोठी पिल्लं आतली जागा बळकावतात आणि बाहेर राहतं ते सगळ्यांत लहान.

फरशीवर नुसतं पोतं टाकू नका, तीन इंच कोरडा भुसा टाका. खालच्या दोन फुटांत वारा अडवा, पण वरून हवा खेळती राहू द्या. सगळं बंद केलं की विष्ठेतला अमोनिया साठतो आणि पिल्लांचे डोळे चुरचुरतात, नाकं वाहतात. सकाळी दव वाळल्याशिवाय पिल्लं बाहेर सोडायची नाहीत. बाहेर सोडायचं तेही फवारणी चालू असलेल्या द्राक्षबागेच्या बाजूला नाही. ओळींत पडलेले किडे आणि थेंब साचलेली पानं पिल्लं आधी टिपतात.

प्रश्न (येवला तालुका): कोंबड्यांना अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य देतो. पिल्लंही तेच खातात. चालेल का?

नाही. त्या खाद्यात कवचासाठी साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम असतं, पिल्लांना एक टक्क्याच्या आसपास लागतं. जादा कॅल्शियमचा भार त्यांच्या मूत्रपिंडांवर पडतो आणि पिल्लं खुरटतात. उलट करा. कोंबडीलाही पिल्लांचं, म्हणजे २० टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असलेलं चिक स्टार्टर खाऊ द्या. ती या काळात अंडी देत नाही, त्यामुळे तिचं काही बिघडत नाही. बाकी कोंबड्यांचं खाद्य वेगळं, पिल्लांना न पोचेल अशा उंचीवर.

अंदाज हवा असेल तर गावरान पिल्लू पहिल्या आठवड्यात दिवसाला सात-आठ ग्रॅम खातं आणि चौथ्या आठवड्यात पंचवीसच्या आसपास. दहा पिल्लांना चार आठवड्यांत साडेचार किलो आणि आईला अडीच-तीन किलो धरा. नुसत्या कणीवर किंवा मका भरड्यावर ठेवलेली पिल्लं पोट भरून खातात, तरी पंख लोंबतात आणि अंग भरत नाही, कारण धान्यात प्रथिनं आठ-दहा टक्क्यांच्या आतबाहेरच असतात. पहिले दोन दिवस कणी ठीक, त्यापुढे ती वरचा खाऊ.

वयं मागेपुढे असतील तर डालग्याचा उपयोग करा. डालगं तीन विटांवर उपडं ठेवून आत दाणा टाकला की कोंबडी बाहेर राहते. मोठी पिल्लंही अडवायची असतील तर खालच्या फटीत बांबूच्या उभ्या कामट्या चार-चार सेंटिमीटरवर रोवा आणि सगळ्यांत लहान पिल्लू न घासता आत जातं का ते डोळ्यांनी पाहून घ्या. पाच-सहा दिवसांनी फट पुन्हा तपासायची. पाण्याचं भांडं उथळ असावं, त्यात गोटे टाका. बोटभर खोल पाण्यातही दोन दिवसांचं पिल्लू बुडतं. आणि एक विनंती: कांदाचाळीतला सडका, बुरशी धरलेला कांदा कोंबड्यांच्या पुढे टाकू नका.

प्रश्न (सुरगाणा तालुका): पावसाळ्यात चार आठवड्यांच्या पिल्लांच्या विष्ठेत रक्त दिसलं. दोन-तीन मेली. त्याच आईची लहान पिल्लं सुस्त आहेत. काय औषध द्यावं?

लक्षणं रक्ती हगवणीची आहेत. मेलेलं एखादं पिल्लू ताजं असतानाच पिशवीत घालून तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. आतडं उघडून पाहिलं की निदान पक्कं होतं.

दरम्यान सगळ्याच पिल्लांना, सुस्त असोत वा नसोत, पाण्यातून अँप्रोलियम द्यावं लागतं. आजारी पिल्लू दाणा सोडतं पण पाणी पितं, म्हणून पाण्यातून. २० टक्के पावडर असेल तर रोग जोरात असताना एक लिटरला १.२ ग्रॅम, तीन ते पाच दिवस, आणि पुढे पशुवैद्य सांगतील तसं कमी प्रमाणात. पाकिटावरची टक्केवारी वाचूनच मोजा, वेगवेगळ्या पाकिटांत ती वेगळी असते. रोज नवं पाणी करा, दुसरं पाणी कुठेच ठेवू नका. पन्हळीखालचं डबकंसुद्धा बुजवा, नाहीतर पिल्लं औषधाचं पाणी सोडून तिकडे जातील. एक चूक हमखास होते: अशक्त दिसतात म्हणून सोबत बी-कॉम्प्लेक्स दिलं जातं. अँप्रोलियम हे बी-१ जीवनसत्त्वासारखं दिसून जंतूला फसवतं. बाहेरून बी-१ दिलं की औषधाचा जोर उतरतो. औषध संपल्यावर मग टॉनिक द्या. रक्तस्राव असेल तर के जीवनसत्त्व मात्र चालतं.

औषधाइतकंच काम भुशाचं आहे. या जंतूच्या अंड्यांवर फिनाईलचा परिणाम होत नाही, ती कोरडेपणाने आणि उष्णतेने मरतात. ओला भुसा काढून लांब खड्ड्यात पुरा, जमिनीवर उकळतं पाणी ओता, वाळू द्या, मग कोरडं तूस टाका. पाण्याचं भांडं विटेवर ठेवा, त्याच्या भोवतालीच सगळ्यांत जास्त ओल असते. पावसाने उघडीप दिली की डालगं दर दोन दिवसांनी नव्या जागी हलवा. आणि लहान पिल्लं आजच वेगळी करा. आई कोणासोबत ठेवायची असा प्रश्न पडेल: लहानांसोबत. चार आठवड्यांच्या पिल्लांना रात्री बल्ब दिला तर ती निभावतात.

प्रश्न (मालेगाव तालुका): पिल्लांची वयं वेगवेगळी असतील तर लस कोणत्या दिवशी द्यायची?

सगळ्यांत लहान पिल्लू पाच ते सात दिवसांचं झालं की मानमोडीची (राणीखेत रोगाची) पहिली लस, लासोटा किंवा एफ-१, सगळ्यांना एकाच वेळी. मोठ्या पिल्लाला ती दोन-चार दिवस उशिरा मिळाली तर चालतं, तोवर बाहेरच्या कोंबड्यांचा संपर्क टाळा. एका डोळ्यात किंवा नाकपुडीत एक थेंब टाकायचा आणि तो आत ओढला जाईपर्यंत पिल्लू हातातच धरायचं. पुढे १४व्या दिवसाच्या आसपास गंबोरो या विषाणूजन्य रोगाची लस, चौथ्या आठवड्यात लासोटा पुन्हा, सहाव्या आठवड्यात देवीची लस आणि आठव्या आठवड्यात आर-टू-बी ही मानमोडीचीच लस टोचून. आर-टू-बी मात्र लहानांना मोठ्यांबरोबर उरकून टाकायची नाही. ती जोरकस जंतूंची लस आहे, सहा आठवड्यांच्या आतल्या पिल्लाला तिचाच त्रास होतो.

लसीची कुपी बहुधा १०० मात्रांची किंवा त्याहून मोठी असते आणि पातळ केल्यावर दोन तासांत संपवावी लागते. बारा पिल्लांसाठी ती फोडायची म्हणजे बाकीची वाया. गल्लीतल्या चार-पाच घरांनी मिळून एक संध्याकाळ ठरवा. दुकानातून घरापर्यंत बर्फाच्या थर्मासमध्येच आणा. मालेगावच्या मे महिन्यात खिशातून आणलेल्या लसीत जिवंत काही उरत नाही. आजारी पिल्लाला लस देऊ नका.

त्याच उन्हाळ्याची आणखी एक गोष्ट. बसवण्यासाठी जमवलेली अंडी घरात ३५ अंशांत राहिली तर कोंबडीखाली जाण्याआधीच त्यांच्यात अर्धवट वाढ सुरू होते आणि मग काही मरतात, काही मागेपुढे फुटतात. मडक्यात ओली वाळू, तिच्यावर फडकं, त्यावर अंडी निमुळतं टोक खाली करून, आणि मडकं सावलीत. अंडी धुवायची नाहीत. सात दिवसांच्या वरची घ्यायची नाहीत.

प्रश्न (इगतपुरी तालुका): विजा कडाडल्या की अंडी बिघडतात म्हणून घरट्यात लोखंडी खिळा ठेवतात. उपयोग होतो का?

खिळ्याने नुकसान नाही, ठेवायचा तर ठेवा. पण अंडी आवाजाने बिघडत नाहीत. वळवाच्या दिवसांत छप्पर गळून घरटं ओलं होतं, दचकलेली कोंबडी उठून अंडी तडकवते किंवा तासन्‌तास बाहेर राहते. टोपली जमिनीपासून उचलून कोरड्या कोपऱ्यात ठेवा, तळाला राख आणि वर भाताचा पेंढा घाला.

प्रश्न (नांदूरमध्यमेश्वर परिसर): कोंबडीखाली बदकाची आणि कोंबडीची अंडी एकत्र बसवता येतील का?

साध्या बदकाला २८ दिवस लागतात, कोंबडीला २१. म्हणून बदकाची अंडी आधी ठेवून आठव्या दिवशी कोंबडीची ठेवतात, म्हणजे सगळी एकदम निघतात. मस्कव्ही बदक असेल तर ३५ दिवस, एवढं कोंबडीला बसवू नये, ती वाळून जाते. पण बदकाची पिल्लं पाणी उडवून सगळा भुसा भिजवतात आणि तो ओलावा कोंबडीच्या पिल्लांना बाधतो. एका वेळी एकच जात बसवणं बरं. तुमच्याजवळ स्थलांतरित पाणपक्ष्यांचं अभयारण्य आहे, महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीतही ते आहे. हिवाळ्यात घरची बदकं त्या पाण्यावर सोडू नका, रानपक्ष्यांकडून बर्ड फ्लूसारखे रोग येऊ शकतात.

प्रश्न (कळवण तालुका): पिल्लं सात आठवड्यांची झाली. कोंबडी त्यांना टोचून हाकलते. काही आजार असेल का?

आजार नाही, तिचं आईपण संपत आलं आहे. सहा ते आठ आठवड्यांत कोंबडी पुन्हा अंड्यावर येते आणि पिल्लांना दूर करते, काही गावरान कोंबड्या दहा आठवडेही सांभाळतात. कोंबडीला कळपात सोडा, पिल्लं त्याच जागी राहू द्या. जागा तीच असली की ती कमी बावरतात. तिचा तुरा लाल झाला आणि ती घरटं शोधू लागली की आठवड्याभरात हे होणार असं समजा.

तुमच्या पत्रात शेवटी लिहिलं आहे की त्यातली तीन पिल्लं मागाहून निघालेली, जेमतेम साडेचार आठवड्यांची आहेत. कोंबडी मोठ्यांच्या वयावरून ठरवते, त्या तिघांसाठी थांबत नाही. त्यांच्या पाठीवर आणि मानेवर पिसं पूर्ण आली आहेत का ते चाचपून बघा. लव दिसत असेल तर आणखी आठ-दहा दिवस रात्रीपुरता बल्ब आणि संध्याकाळचा दाणा डालग्याखाली वेगळा.